प्लायच्या पलीकडची कात्री

अण्णा, तुम्ही सोमवारी गेलात. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणूनच गेला असाल. आयुष्यभर ज्याने कुणाला अर्धं डोकं कापून खुर्चीवरून उठवलं नाही, तो माणूस गिऱ्हाईक बसलेलं असताना जायचा नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं. रविवारी पर्यटकांची गर्दी उरकली, तुम्ही खुर्ची पुसलीत, प्लायच्या पलीकडून मला ओरडून सांगितलंत, "वैशे, वलं टॉवेल तसंच ठिऊ नगंस, वास मारत्यात," आणि घरी गेलात. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. आईने चहाचं आधण ठेवलं होतं. भेटायला येणारे लोक मला विचारतात, शेवटचं काय बोलले गं अण्णा? मी सांगते, कामाचंच बोलले.

मला रडू येतं, तसा तुमचा रागही येतो. आपलं भांडण अर्धं ठेवून गेलात. तुमच्या माघारी ते एकटीने कसं भांडायचं, हे काही मला शिकवलं नाहीत.

भांडण त्या प्लायचं. बाजारातल्या आपल्या एकाच गाळ्याच्या मधोमध उभा असलेला, वर हातभर मोकळा सोडलेला तो प्लाय. डावीकडे तुमचं सलून, उजवीकडे माझं पार्लर. दारं दोन, मागची मोरी एक आणि पाणी तापवायची शेगडीही एकच. मी खंडाळ्याच्या हॉटेलातल्या स्पाची नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायचं म्हणत होते, तेव्हा तुम्ही दुसऱ्या दिवशी सुताराला घेऊन आलात आणि स्वतःच्या दुकानाचा अर्धा भाग कापून मला दिलात. विचारलंसुद्धा नाहीत. मी आनंदाने वेडी झाले होते. पण वर्षभरात मला तो प्लाय खुपायला लागला. मला एकच मोठं सलून हवं होतं, बायकांचं, पुरुषांचं, सगळ्यांचं. आणि मला तुमच्या बाजूला उभं राहून केस कापायचे होते.

"न्हाई," तुम्ही म्हणायचात.

"का पण? मी शिकलेय की सगळं. पुरुषांचे कटसुद्धा."

"तू शिकलीयास, गिऱ्हाईक कुटं शिकलंय? तुज्या हाताखाली गप बसंल व्हय त्ये? आन् बाया काय पुरुषांच्या म्होरं तोंडाला माती फासून बसत्याल?"

"माती नाही अण्णा, फेसपॅक."

"त्येच त्ये."

वाद फार ताणला, की तुमचं एक ठरलेलं वाक्य यायचं. "मी गेल्यावर काय ते कर." मी चिडून आत जायचे. ते वाक्य मला तेव्हाही आवडत नव्हतं.

हे काम मी शिकायचं ठरवलं तेव्हा तुम्हाला ते काही वेगळं वाटलंच नव्हतं. "आपलंच काम की. त्येच्यासाटी पुण्याला कशापायी जायाचं?" तुम्ही म्हणालात. मी सांगितलं, त्वचेचे प्रकार असतात, रसायनं असतात, कुठल्या चेहऱ्याला काय चालत नाही ते शिकावं लागतं. तुम्ही बराच वेळ वस्तरा पुसत राहिलात. मग म्हणालात, "बरं. पर शिकून आल्याव हितंच राहायचं." लोणावळ्याहून लोकलने रोज पुणे आणि परत. संध्याकाळी स्टेशनवर तुम्ही उभे असायचात, दुकान सदूकाकांवर सोपवून. सदूकाका म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या सलूनचे, तुमचे लंगोटीयार. एकमेकांचे केस तुम्ही दोघंच कापायचात.

आणि ते डमीचं डोकं आठवतं का? परीक्षेच्या सरावासाठी मी क्लासमधून आणलं होतं. लांब काळे केस, गळ्यापासून खाली काही नाही. आईने पहिल्या दिवशी पाहिलं आणि किंचाळली. मग तिने त्याच्यावर ओढणी टाकून ठेवली. मी एक दिवस मैत्रिणीच्या हळदीला गेले. तुमच्या डोळ्यांत ते विस्कटलेले केस सारखे खुपत असणार. परत येऊन बघते तर माझ्या डमीचा झक्क बारीक कट केलेला, मागे मशीन फिरवलेलं, कानामागे कोरलेलं. वर पावडरही लावली होती. आठवड्यावर परीक्षा, आणि मला त्यावर अंबाडा घालून दाखवायचा होता. मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं. तुम्ही गोंधळून बघत राहिलात आणि म्हणालात, "रडतीस काय येड्यावानी? वाढत्याल की."

अण्णा, तुम्हाला खरंच वाटलं होतं ते वाढतील. इतकी वर्षं डोकी कापली, पण न वाढणारे केस तुमच्या हाताखाली कधी आलेच नव्हते. मी रडता रडता हसायला लागले, तेव्हा तुमच्या लक्षात आलं आणि तुमचा चेहरा पडला. पुढच्या सोमवारी कुणाला न सांगता तुम्ही पुण्याला गेलात. क्लासचा पत्ता शोधलात, दुकान शोधलंत आणि नवं डोकं घेऊन आलात. पिशवीतून केस बाहेर येत होते म्हणून गाडीत समोरची बाई उठून दुसरीकडे बसली, हे तुम्ही जेवताना सांगितलंत. आई तेव्हा घास हातात धरून इतकी हसली की तिला ठसका लागला. जुनं डोकं तुम्ही फेकू दिलं नाहीत. ते अजून तुमच्या बाजूच्या फळीवर आहे, तोच बारीक कट मिरवत.

दुसरं भांडण कात्रीचं. तुमची कात्री केस कापत नसतानाही वाजायची. एक काप आणि मग हवेत दोन-तीनदा चकचक. लहानपणी दुकानात लुडबुडताना तो आवाज माझ्या हातातच शिरला होता. क्लासमध्ये पहिल्यांदा कात्री दिली तेव्हा माझीही वाजायला लागली. मॅडमनी हात धरला. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, काय म्हणाल्या? मी सांगितलं, कात्रीची धार जाते म्हणाल्या. ते खरं होतं, पण सगळं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "हे काय न्हाव्याचं दुकान आहे का?" आणि वर्ग हसला होता. मॅडम वाईट नव्हत्या. त्वचेचं जे काही मला येतं ते त्यांनीच शिकवलं, आणि पुढे खंडाळ्याच्या हॉटेलात मला कामाला चिकटवलं तेही त्यांनीच. पण ते वाक्य मी घरी आणलं नाही. आणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही कदाचित म्हणाला असता, "मग? हायेच की न्हाव्याची पोर."

मी मुकाट्याने कात्री न वाजवता कापायला शिकले. तुम्हाला ते अजिबात पटलं नाही.

"गिऱ्हाईकाचं डोळं मिटल्यालं आसत्यात," तुम्ही सांगायचात. "कात्री कुटं फिरतीया त्ये त्येला आवाजावरनं कळतं. न्हाई वाजली तर दचकतंय त्ये."

"आम्ही समोर मोठा आरसा ठेवतो. त्यांना सगळं दिसतं. आणि तुमचा अंगठा बघा, रोज रात्री गरम पाण्यात बुडवावा लागतो. त्या नसत्या वाजवण्यानंच दुखतो तो."

"दुखू दे."

आता सांगते, अंगठ्याचं माझं बरोबर होतं. डॉक्टरही तेच म्हणाले होते. तुम्ही त्यांचंही ऐकलं नाहीत.

खंडाळ्याच्या त्या हॉटेलात सगळं गुळगुळीत आणि सुगंधी होतं. पांढरा गणवेश होता, मंद संगीत होतं. येणारी माणसं डोळे मिटून पडायची आणि उठून जायची. कुणी नाव विचारायचं नाही. माझा हात चांगला वळला तो तिथेच, ते मी नाकारत नाही. पण तिथून मी आले आपल्या गाळ्यात, तर इथे प्लायच्या वरून तुमचा रेडिओ, गिऱ्हाईकांच्या गप्पा आणि साबणाचा वास. पहिले काही दिवस मला लाज वाटली. मग कधी ते सवयीचं झालं आणि कधी आवडायला लागलं, कळलं नाही.

आपण दिवसभर एकमेकांचं तोंड बघायचो नाही, पण बोलणं चालू असायचं. भुवया कोरताना एखादी मुलगी ओरडली, की पलीकडून तुम्ही, "वैशे, हळू. घाबारलीया ती." आणि ती मुलगी लाजून हसायची, दुखणं विसरायची. माझ्याकडे कुणी आलं आणि मी मोरीत असले, की तुमचाच आवाज आधी जायचा, "बसा, ह्ये झालंच." काय झालंच, कोण येणार, काही पत्ता नाही, पण बाया निवांत बसायच्या. कुरवंड्याचे धोंडूआबा तुमच्या खुर्चीत बसले, की त्यांच्या घाटातल्या रेल्वेच्या नोकरीच्या गोष्टी मला आणि माझ्या गिऱ्हाईकांना फुकटात ऐकायला मिळायच्या. पावसाळ्यात लोणावळ्यात टॉवेल म्हणून वाळायचे नाहीत. मग तुम्ही शेगडीवर टोपली पालथी घालून एकेक टॉवेल वाळवायचात. आधी माझे, मग तुमचे. कारण बायकांच्या चेहऱ्याला ओलं लागलं तर पुटकुळ्या येतात, हे मी तुम्हाला एकदा शिकून आल्यावर सांगितलं होतं. तेवढं एक तुम्ही माझं ऐकलंत आणि शेवटपर्यंत पाळलंत.

आणि शाळेतल्या देशमुख बाई. त्यांची आई वारली, त्यानंतर पहिल्यांदा त्या माझ्याकडे केस धुवायला आल्या होत्या. डोक्यावर पाणी घातलं आणि त्यांचा बांध फुटला. तुमच्या बाजूला चार पुरुष बाकड्यावर बसलेले. मी काय करावं म्हणून उभी होते, तेवढ्यात पलीकडे रेडिओचा आवाज मोठा झाला. कुणीतरी म्हणालं, अण्णा, बारीक करा की, कान किटले. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या, मला ऐकू येत न्हाई." तुमचे कान तर अगदी तिखट होते. बाईंचं रडणं थांबलं आणि मी हेअर ड्रायर लावला, तेव्हा कुठे तुम्ही रेडिओ बारीक केलात. यावर आपण कधी बोललो नाही. मला हॉटेलात कुणी हे शिकवलं नव्हतं, आणि पुस्तकात तर नव्हतंच. मी ते तुमच्याकडून घेतलं, एवढंच आज सांगते.

पण माझ्या खुर्चीत मात्र तुम्ही कधी बसला नाहीत. दर दिवाळीला मी मागे लागायचे. अण्णा, एकदा फेस मसाज करून देते, डोक्याला तेल लावून देते. तुम्ही गालावरून हात फिरवायचात. "माजं तोंड हाय तसं बरं हाय." मला वाटायचं, एकदा तरी बसावं या माणसाने. लेकीचा हात कसा आहे, हे स्वतःच्या डोक्यावर घेऊन बघावं. लोक सांगायचे, तुमची वैशाली छान करते हं. तुम्ही म्हणायचात, "करतीया आपली." चांगलं करते की वाईट, तुमच्या तोंडून कधी आलं नाही.

त्या सोमवारी मी पुण्याला सामान आणायला गेले होते, निरोप मिळून घरी धावत आले तेव्हा पुरुषमंडळी तुम्हाला अंघोळ घालत होती. सदूकाका वस्तरा घेऊन आले होते. तुमची दाढी वाढलेली त्यांना चालली नसती आणि तुम्हालाही. मला आत यायचं होतं. मी दारापर्यंत आले, पण कुणीतरी दार लोटून घेतलं. मला आतून पाण्याचा आवाज येत होता. हे माझं काम आहे, असं मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. आईचा हात धरून उभी राहिले.

तुम्हाला बाहेर आणून ठेवलं तेव्हा मी पाहिलं, कुणीतरी ओले केस सरळ मागे फिरवले होते. तुमचा भांग डावीकडे असायचा. एवढी माणसं हार घालत होती आणि मला दुसरं काही दिसेना. मी गर्दीतून पुढे झाले, खाली बसले आणि बोटांनी भांग पाडला. एका बटेला थोडं दाबून बसवावं लागलं. ती तुमची कायमचीच हट्टी. तुमच्या डोक्याला हात लावायची माझी ती पहिली वेळ आणि शेवटची. केस खूप मऊ होते, अण्णा. मला माहीतच नव्हतं.

दहाव्याला नदीवर सगळे गेलो. मी मनात ठरवून आले होते. कावळा शिवायला वेळ लागला की लोक मेलेल्या माणसाला काही ना काही कबूल करतात. मी पुढे होऊन म्हणणार होते, अण्णा, तुमची खुर्ची मी रिकामी ठेवणार नाही. सगळ्यांच्या समोर म्हणणार होते, म्हणजे मग कुणाला नाही म्हणता आलं नसतं. आणि तुम्ही काय केलंत? पिंड ठेवून माणसं मागे सरतायत न सरतायत तोच कावळा आला. सदूकाका डोळे पुसत म्हणाले, "काय इच्छा मागं ऱ्हायलीच न्हवती गड्याची." सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र रडू कोसळलं. काहीच राहिलं नव्हतं? आपलं भांडणसुद्धा नाही?

तेराव्यानंतर संतोषने विषय काढला. माझा धाकटा भाऊ तळेगावच्या कंपनीत आहे, दुकानात त्याचा जीव कधी नव्हताच, पण माझ्यावर त्याचा जीव आहे. तो म्हणाला, "ताई, आता प्लाय काढून टाकू. पूर्ण गाळा तुझा. नवरीच्या मेकअपचं मोठं काम सुरू कर. सुताराला मी शुक्रवारी बोलावलंय. अण्णांची खुर्ची सदूकाका घेतायत." आईने मान हलवली. त्याचं काही चुकत नव्हतं. मावळात लग्नांची कामं खूप आहेत, आणि इतकी वर्षं प्लाय काढा म्हणून तुमच्याशी भांडत होते ती मीच. तरी मला हो म्हणवेना. भांडणात जिंकायचं होतं मला, पण समोर तुम्ही असताना. आणि खुर्ची गेली, की तुमच्या बाजूला उभं राहून काम करायचं जे मी मागत होते, ते कायमचंच गेलं.

काल, मंगळवारी, मी दुकान उघडलं. दोन्ही दारं उघडली. तुमच्या बाजूला झाडू मारला, आरसा पुसला. डमीच्या डोक्यावरची धूळ झटकली. नाही म्हणायलाही काही कारण सापडत नव्हतं, म्हणून संतोषला फोन करून खुर्ची घेऊन जा म्हणून सांगायचं, असं ठरवूनच मी आले होते. मी माझ्या बाजूला येऊन फोन हातात घेतला आणि पलीकडे खुर्ची करकरली.

जाऊन बघते तर धोंडूआबा. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. दहाव्याला ते आले होते, त्यांना सगळं माहीत होतं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर काळा चष्मा.

"आबा, अण्णा नाहीत आता," मी म्हणाले.

"म्हाईत हाय की. म्हातारा गेला, पर माजं डोसकं वाढायचं थांबलंय व्हय?"

"सदूकाकांकडं सोडू का तुम्हाला?"

"सदू लय बोलतो." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि मान ताठ केली. "चल, कर सुरू. तुला येतंय म्हनं. तुजा बा सांगायचा."

"काय सांगायचे?"

"हेच की. पोरीचा हात माज्यापरीस हलका हाय म्हनायचा. आता गळ्याला फडकं बांदतीस का बसू असाच?"

अण्णा, हे तुम्ही त्यांना सांगायचात. प्लायच्या या बाजूला, माझे कान पलीकडे असताना, हळू आवाजात. मला सांगायला तुमचं काय जात होतं? मी फडकं बांधलं, तुमच्या खणातून तुमची कात्री घेतली. तिच्या आतल्या कडीवर तुमच्या अंगठ्याने घासून घासून खळगा पडलेला. माझा अंगठा त्यात सैल बसला.

मी शिकले होते तसं कापायला लागले, आवाज न करता, नीट भाग पाडून. आबा दर वेळी दचकत होते. कानाजवळ गेले, दचकले. मानेजवळ गेले, खांदे वर. मला वाटलं, झालं, अण्णांचंच खरं, बाईच्या हाताखाली हे गप बसणार नाहीत. मी थांबले.

"आबा, भीती वाटते का? नको असेल तर राहू दे."

"भ्या कशाचं? आगं, कात्री वाजव की जरा. तू कुटं हाईस त्ये कळंना."

मी हवेत कात्री धरली. इतक्या वर्षांनी हात विसरला असेल असं वाटलं होतं. विसरला नव्हता. एक काप, मग चकचक. पुन्हा एक काप, पुन्हा चकचक. आबांचे खांदे खाली आले, मान सैल पडली आणि थोड्या वेळात ते चक्क पेंगायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात पलीकडे, माझ्या बाजूला, दार वाजलं. चपला काढल्याचा आवाज आला. देशमुख बाई होत्या, पर्स ठेवण्याच्या आवाजावरून मी ओळखलं. नेहमीसारखी हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं असेल, पण हाक आली नाही. त्या कात्री ऐकत उभ्या होत्या. मग अगदी हळू, प्लायजवळ येऊन त्यांनी विचारलं, "पलीकडे कोण आहे?"

कात्री न थांबवता मी म्हणाले, "मीच आहे. बसा, हे झालंच."